कॅज्युअल्टीतला प्रबंध: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या अंकात या सदरात आपत्कालीन वैद्यकशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या तरुण डॉक्टरांच्या संशोधनाविषयी लिहिले होते. एम.डी. किंवा डी.एन.बी.च्या तीन वर्षांत प्रत्येकाला एक प्रबंध लिहावा लागतो, आणि कॅज्युअल्टीच्या धावपळीत तो नीट व्हायचा असेल तर आजूबाजूच्या माणसांचा हातभार लागतो, एवढाच त्या लेखाचा आशय होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून दिलेली नाहीत.

प्रश्न: माझी मुलगी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात आपत्कालीन वैद्यकशास्त्रात एम.डी. करते आहे. ड्युटी संपवून घरी आली की जेवायच्या आधी लॅपटॉप उघडते, आणि विचारले तर "थीसिसचा डेटा भरायचाय" म्हणते. रुग्णाचा जीव वाचवायला शिकणे हेच एवढे मोठे काम असताना या मुलांवर संशोधनाचे ओझे कशासाठी? आणि आई म्हणून मी तिला काय मदत करू शकते? (एक आई, सांगली जिल्हा)

ताई, आपली काळजी रास्त आहे. प्रबंधाकडे निव्वळ परीक्षेला बसण्याची अट म्हणून पाहिले तर तो ओझेच वाटणार. परंतु आपल्या मुलीचे शास्त्र आपल्याकडे अजून कोवळे आहे. भारतीय वैद्यक परिषदेने आपत्कालीन वैद्यकशास्त्राला स्वतंत्र विद्याशाखा म्हणून मान्यता दिली ती 2009 मध्ये. त्यामुळे आपल्या मुलीच्या हातातील पुस्तकांत जे ज्ञान आहे, त्यातील बराच भाग परदेशातील रुग्णांना तपासून मिळवलेला आहे, आणि तिच्यापुढे स्ट्रेचरवर जो माणूस येतो तो शेतात सर्पदंश झालेला, कीटकनाशक प्यायलेला, किंवा दुचाकीवरून पडून आधी दोन दवाखाने फिरून आलेला असतो. या माणसाविषयीचे ज्ञान इथल्याच डॉक्टरांनी, इथल्याच रुग्णांच्या नोंदींतून उभे करायला हवे.

याचे आपल्या मातीतले उदाहरण महाडचे आहे. डॉ. हिम्मतराव बावस्कर 1976 मध्ये महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले तेव्हा कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः लहान मुले, दगावत. त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांच्या वेळेनुसार नोंदी ठेवल्या. विषामुळे शरीरातील स्वयंचलित मज्जासंस्था एकदम खवळते, हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसांत पाणी भरते, हे त्यांनी त्या नोंदींमधून ओळखले. पुढे त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबावरचे औषध वापरून पाहिले आणि 1986 मध्ये आपले निरीक्षण 'द लॅन्सेट' या नियतकालिकात मांडले. मृत्यूचे प्रमाण शेकडा 25 ते 30 वरून एक-दोनपर्यंत खाली आले. त्या आरोग्य केंद्रात मोठी प्रयोगशाळा नव्हती. वही होती, घड्याळ होते आणि जागे राहणारा डॉक्टर होता. पुढे विंचवाच्या विषावरची प्रतिलस उपलब्ध झाल्यावर डॉ. हिम्मतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी नुसते प्राझोसिन आणि प्राझोसिनच्या जोडीला प्रतिलस यांची रीतसर तुलना करून ती 2011 मध्ये 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. म्हणजे आपल्याच औषधापेक्षा अधिक चांगले काही आहे का, हेही त्यांनी तपासून पाहिले. 'संशोधक वृत्ती' म्हणून मुलांना आम्ही जे शिकवू पाहतो ते हेच.

आता मदतीविषयी. रात्रपाळीहून आलेल्या मुलीला प्रथम झोपू द्या. झोप न झालेल्या डोळ्यांनी भरलेले आकडे चुकतात आणि ती चूक पुढे सापडत नाही. शक्य असेल तर "प्रबंध संपला का?" असे विचारण्याऐवजी "तुझा विषय मला समजावून सांग" असे म्हणा. जिला आपला प्रश्न आईला साध्या मराठीत सांगता येतो तिला तो परीक्षकालाही सांगता येतो, आणि सांगता सांगता आपण कुठे अडतो हे तिचे तिलाच कळते.

प्रश्न: मी दुसऱ्या वर्षाचा निवासी डॉक्टर आहे. छातीत दुखत असल्याची तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाचा ईसीजी तो दारातून आत आल्यापासून किती मिनिटांत निघतो, हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. 100 रुग्ण घ्यायचे आहेत, 62 झाले. त्यांतल्या 19 जणांच्या आगमनाची किंवा ईसीजीची वेळ लिहिलेलीच नाही, कारण त्या रात्री मी ड्युटीवर नव्हतो. काही सीनियर म्हणतात, अंदाजाने भरून टाक. प्रबंध सादर करण्याची तारीख जवळ येत आहे. काय करावे? (एक निवासी डॉक्टर, मराठवाडा)

अंदाजाने भरू नका. आधी एवढे स्पष्ट सांगतो आणि मग कारणे देतो.

आपल्या विषयात मोजायची गोष्ट एकच आहे, ती म्हणजे वेळ. छातीत दुखणाऱ्या रुग्णाचा ईसीजी आगमनापासून 10 मिनिटांच्या आत निघावा, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. या दहा मिनिटांच्या रेषेच्या अलीकडे आपला विभाग आहे की पलीकडे, हाच आपला प्रश्न. 62 पैकी 19 रुग्णांच्या वेळा मनाने लिहिल्या, तर जवळजवळ एक तृतीयांश उत्तर आपण विचारण्याआधीच ठरवून टाकले, असा त्याचा अर्थ होतो. शिवाय अंदाज करणारा माणूस नकळत आपल्या विभागाला झुकते माप देतो, त्यामुळे या 19 जणांचा ईसीजी कागदावर वेळेत निघालेला असेल. उद्या कोणी हा प्रबंध वाचून "आपल्याकडे सगळे ठीक आहे" असे ठरवले, तर दुसरा ईसीजी तंत्रज्ञ मागण्याचा आपल्या विभागाचा हक्काचा पुरावाही गेला.

काही वर्षांपूर्वी आमच्याच विभागात एका निवासी डॉक्टरचा मास्टर चार्ट, म्हणजे सगळ्या रुग्णांच्या नोंदींचा एकत्रित तक्ता, तपासत असताना माझे बोट वेळांच्या रकान्यावरून खाली सरकत होते, आणि माझ्या लक्षात आले की जवळजवळ प्रत्येक वेळ शून्यावर किंवा पाचावर संपते आहे: 10.15, 10.30, 10.45, 11.00. आम्ही दोघे उठून रेड झोनमध्ये, म्हणजे अतिगंभीर रुग्णांच्या कक्षात, गेलो. भिंतीवरच्या घड्याळात 11 वाजून 20 मिनिटे झाली होती. ईसीजी मशिनने नुकत्याच सोडलेल्या पट्टीवर 11.13 छापलेले होते. परिचारिकेच्या मोबाइलवर 11.17 झाले होते. नोंदणी खिडकीवरच्या संगणकाची वेळ आणखी वेगळी. एकाच रुग्णाच्या आगमनाची वेळ खिडकीवरच्या संगणकातून, ईसीजीची वेळ मशिनच्या पट्टीवरून आणि इंजेक्शनची वेळ भिंतीवरच्या घड्याळातून घेतली, तर वजाबाकी करून येणारी मिनिटे रुग्णाची नसतात, ती घड्याळांतल्या फरकाची असतात. त्या मुलाने लबाडी केलेली नव्हती. त्याला कोणी हे दाखवून दिले नव्हते, आणि ते दाखवणे मार्गदर्शक म्हणून माझे काम होते.

तेव्हा उरलेल्या रुग्णांसाठी आजच एक काम करा. विभागातील सगळी घड्याळे आणि ईसीजी मशिन मोबाइलच्या वेळेशी जुळवून घ्या, आणि दर सोमवारी सकाळच्या पाळीत ती पुन्हा तपासली जातील अशी व्यवस्था लावा. ट्रायाजच्या, म्हणजे आलेल्या रुग्णाची तातडी ठरवण्याच्या, टेबलावरील परिचारिका आणि इंटर्न यांना आपला विषय पाच मिनिटे समजावून सांगा. केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात फक्त दोन चौकोन छापलेला शिक्का मारून घ्या, एक आगमनाचा आणि एक ईसीजीचा. दोन चौकोन गर्दीतही भरले जातात. दोन पानांचा फॉर्म कोणी भरत नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

आता त्या 19 जणांविषयी. नोंदणी खिडकीचा संगणक, ईसीजीची मूळ पट्टी, रुग्णवाहिकेचा कागद यांतून ज्यांची वेळ खरोखर सापडेल ती घ्या आणि कोठून घेतली ते लिहा. ज्यांची सापडणार नाही तिथे "नोंद नाही" असे लिहा. मग या रुग्णांकडे पुन्हा एकदा पाहा. ते रात्री दोन ते सहाच्या दरम्यान आले होते का? त्या वेळी रेड झोनमध्ये एकाच वेळी तीन रुग्ण होते का? बहुतेकदा असे आढळते की जो रुग्ण दारातच कोसळला त्याच्यावर सगळे धावून गेले आणि त्याचीच वेळ लिहायची राहून गेली. म्हणजे हरवलेल्या नोंदी सर्वांत गंभीर रुग्णांच्या आहेत. तसे असेल तर आपल्या प्रबंधातील तो सर्वांत मोलाचा परिच्छेद ठरेल, म्हणून तो चर्चेच्या प्रकरणात ठळकपणे लिहा. नोंद करण्याच्या पद्धतीत जो बदल कराल तो मार्गदर्शकांच्या सहीने नैतिकता समितीला, म्हणजे रुग्णांवरील संशोधनाला मंजुरी देणाऱ्या संस्थेच्या समितीला, कळवा.

नोंदलेल्या वेळेचे मोल किती असते, याचा एक दाखला देतो. 'क्रॅश-2' या चाचणीत 40 देशांतील 274 रुग्णालयांमध्ये अपघातात रक्तस्राव झालेल्या 20,211 रुग्णांना ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे रक्तस्राव रोखणारे औषध किंवा त्यासारखे दिसणारे निष्क्रिय द्रावण देण्यात आले. 2010 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: औषध मिळालेल्यांपैकी शेकडा 14.5, तर न मिळालेल्यांपैकी शेकडा 16 रुग्ण दगावले. पुढच्या वर्षी त्याच नोंदी इजा झाल्यापासूनच्या तासांनुसार लावून पाहिल्या, तेव्हा हे औषध तीन तासांच्या आत दिले तर लाभ होतो आणि त्यानंतर दिले तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू वाढू शकतात, असे दिसले. आज आपण अपघातग्रस्ताच्या नातेवाइकाला "नेमके किती वाजता झाले?" असे विचारतो, त्यामागे हे आहे. प्रवेश अर्जावरचा "इजा होऊन किती तास झाले" हा रकाना कोण्या रात्रपाळीच्या डॉक्टरांनी मनाने भरला असता, तर ही तीन तासांची रेषा कोणालाच दिसली नसती.

सीनियरचा आग्रह राहिलाच, तर त्यांच्याशी वाद न घालता मार्गदर्शकांकडे आणि तिथेही अडचण वाटली तर विभागप्रमुखांकडे लेखी जा: "62 रुग्णांपैकी 19 जणांची नोंद अपूर्ण आहे, उरलेल्या काळात इतके रुग्ण मिळण्याची शक्यता आहे, पुढे काय करावे ते सांगावे." असे पत्र दिलेला विद्यार्थी अडचणीत येत नाही, पण मागाहून बनावट आकडे सापडले तर त्याला कोणी वाचवू शकत नाही.

प्रश्न: माझ्या पतींना पक्षाघाताचा झटका आला तेव्हा त्यांना आम्ही मोठ्या रुग्णालयात नेले. त्यांना बोलता येत नव्हते. एका तरुण डॉक्टर मुलीने मला बाजूला घेऊन "एक अभ्यास चालू आहे, सही कराल का?" असे विचारले. मी घाबरलेली होते, सही केली. आता पती बरे आहेत, पण मनात येते की मी न वाचता त्यांना प्रयोगात ढकलले का? (एक पत्नी, ठाणे)

वहिनी, आपण काही चुकीचे केलेले नाही. मात्र ज्या पद्धतीने सही घेतली गेली तिच्याकडे नीट पाहायला हवे, आणि हे उत्तर मी आपल्याइतकेच माझ्या विद्यार्थ्यांसाठीही लिहीत आहे.

निवासी डॉक्टरांचे बहुतेक प्रबंध निरीक्षणाचे असतात. रुग्णाला जो उपचार मिळायचा तोच मिळतो, आणि डॉक्टर फक्त त्याची नोंद ठेवतात. काही अभ्यासांत मात्र औषध किंवा पद्धत अभ्यासाच्या नियमाने ठरते. आपल्याला कोणत्या प्रकारच्या अभ्यासात घेतले होते हे जाणून घेण्याचा आपला अधिकार आहे. सही केलेल्या संमतीपत्राची एक प्रत आणि माहितीपत्रक आपल्याला मिळायला हवे, आणि त्यावर प्रमुख संशोधकाचा व नैतिकता समितीच्या सचिवांचा संपर्क असायला हवा. आपल्याकडे ते नसेल तर रुग्णालयात जाऊन मागा. आपल्या पतींना आता बोलता येते, तेव्हा निर्णय त्यांच्या हातात परत येतो. अभ्यासात राहायचे की नाही हे ते आजही सांगू शकतात, आणि नाही म्हटल्याने त्यांच्या उपचारात तसूभरही फरक पडता कामा नये.

रुग्ण शुद्धीवर नसेल तर कायद्याने मान्य असलेला प्रतिनिधी, म्हणजे सामान्यतः पती, पत्नी, आईवडील किंवा मुले, संमती देऊ शकतो. वाचता न येणाऱ्यासाठी निःपक्ष साक्षीदारासमोर माहिती वाचून दाखवून अंगठा घेतला जातो. ज्या आजारात मिनिटे मोजावी लागतात तिथे ही सगळी रीत पाळायला वेळ कुठून आणायचा, हा जगभरातील आपत्कालीन संशोधनापुढचा सर्वांत कठीण नैतिक प्रश्न आहे. काही अभ्यासांत नैतिकता समिती आधीच परवानगी देते की उपचार ताबडतोब सुरू करावा आणि संमती रुग्ण सावरल्यावर किंवा नातेवाईक आल्यावर घ्यावी. 'क्रॅश-2'मध्येही अशी सोय ठेवावी लागली होती. पण ही सवलत समितीने द्यायची असते, ड्युटीवरच्या डॉक्टरने ती स्वतःच घ्यायची नसते.

त्या डॉक्टर मुलीने काय करायला हवे होते? घाबरलेल्या माणसाला एका श्वासात सगळे सांगून उपयोग नसतो. आधी "यांच्यावरचे उपचार सुरू झालेले आहेत, तुम्ही काहीही उत्तर दिलेत तरी ते थांबणार नाहीत" हे वाक्य यायला हवे, आणि ते ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर उतरेपर्यंत थांबायला हवे. मग बसायला जागा, पाण्याचा ग्लास, आणि तीन गोष्टी: काय पाहतो आहोत, त्यात वेगळे काय केले जाईल, आणि नाही म्हणता येते. दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात येऊन पुन्हा एकदा विचारायला हवे. मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो की रात्रीची सही ही अर्धी संमती समजा, उरलेली अर्धी सकाळी मिळवा.

प्रश्न: आमच्या रुग्णालयात नुकत्याच आपत्कालीन वैद्यकशास्त्राच्या डी.एन.बी.च्या जागा मिळाल्या आहेत. स्टॅटिस्टिशियन नाही, ग्रंथालय लहान आहे, मनुष्यबळ कमी आहे. मुलांच्या संशोधनाला आधार द्यायचा तर सुरुवात कोठून करावी? (एक विभागप्रमुख, विदर्भ)

सुरुवात ड्युटीच्या तक्त्यापासून करावी. जो विभागप्रमुख निवासी डॉक्टरला आठवड्यातून अर्धा दिवस प्रबंधासाठी देतो, आणि त्या अर्ध्या दिवसात त्याला कॅज्युअल्टीतून फोन जाणार नाही याची हमी स्वतः घेतो, त्याने अनुदानाहून मोठी मदत केलेली असते. मनुष्यबळ कमी असताना हे अवघड आहे, याची मला कल्पना आहे. तरीही हा अर्धा दिवस तक्त्यात छापलेला असावा. तोंडी दिलेला वेळ पहिल्याच गर्दीच्या दिवशी जातो.

दुसरे म्हणजे विषयाची निवड. यंत्र, महागडी तपासणी किंवा परदेशी गुणांकन यांच्या मागे न लागता आपल्या दारात रोज काय येते ते पाहा. विदर्भात सर्पदंश येतो. विष रक्तात भिनले आहे का हे पाहण्यासाठी आपण वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी करतो: कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचे, वीस मिनिटे नळीला हात लावायचा नाही, आणि मग एकदाच ती कलती करून पाहायची. नळी प्लास्टिकची असली, किंवा साबणाने धुतलेली असली, तर निरोगी माणसाचे रक्तही नीट गोठत नाही आणि प्रतिविषाची गरज नसताना ते दिले जाण्याचा धोका निर्माण होतो. आपल्या विभागात ही नळी कोठे ठेवलेली असते? ती कोण धुतो, आणि कशाने? वीस मिनिटे खरोखर मोजली जातात, की परिचारिकेला दुसरीकडे बोलावणे आले की नळी टेबलावरून उचलून ठेवली जाते? या प्रश्नांचा प्रबंध करायला खर्च जवळजवळ शून्य आहे, आणि त्याचे उत्तर मिळाल्यावर दुसऱ्या दिवसापासून विभागात बदल करता येतो. माझ्या मते शिकणाऱ्या डॉक्टरच्या पहिल्या संशोधनाची कसोटी हीच असावी.

स्टॅटिस्टिशियन, म्हणजे संख्याशास्त्राचा जाणकार, नसणे ही खरी अडचण आहे, पण ती दूर करता येते. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातील जनऔषधवैद्यक, म्हणजे पीएसएम (प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र), विभागाशी लेखी करार करून महिन्यातून एक दुपार ठरवून घ्या, आणि विद्यार्थी तिथे रुग्ण गोळा करण्याआधी जातील असे पाहा. नमुन्याचा आकार किती, कोणते रकाने लागतील, तुलना कशाची, हे सगळे तेव्हाच ठरते. सगळा डेटा गोळा झाल्यावर सल्ला मागणे म्हणजे वरातीमागून घोडे. आकडेवारी तपासणारी 'एपि इन्फो'सारखी मोफत संगणकप्रणाली पहिल्या प्रबंधाला पुरेशी आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेमार्फत चालणारा जैववैद्यकीय संशोधनाचा ऑनलाइन पायाभूत अभ्यासक्रम मुलांनी पहिल्याच वर्षी, विषय ठरण्याआधी पूर्ण करावा. नंतर केला तर फक्त प्रमाणपत्र हाती लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद निवडक पदव्युत्तर प्रबंधांना अर्थसाहाय्य देते, त्यासाठी अर्ज करण्याची सवय लावा. अर्ज नामंजूर झाला तरी तो लिहिताना विषय घासून लख्ख होतो. औषध किंवा उपचारपद्धतीची चाचणी असेल तर पहिला रुग्ण घेण्यापूर्वी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया येथे नोंदणी करावी. ती निःशुल्क आहे, आणि 2018 पासून तिथे मागाहून नोंदणी करता येत नाही.

तिसरी गोष्ट मला मनापासून सुचवायची आहे. आपले प्रत्येक निवासी डॉक्टर एकेकटे 100 रुग्ण गोळा करतात, प्रबंध बांधून देतात आणि तो कपाटात जातो. ब्रिटनमध्ये रॉयल कॉलेज ऑफ इमर्जन्सी मेडिसिनच्या पाठबळाने शिकाऊ डॉक्टरांनी 'टर्न' नावाचे आपले संशोधन-जाळे उभे केले आहे. अचानक उठलेल्या तीव्र डोकेदुखीच्या रुग्णांत मेंदूभोवतीचा रक्तस्राव किती जणांना असतो, यावर त्यांनी 88 विभागांतून 3,663 रुग्णांचा अभ्यास केला. भागाकार केला तर एका विभागाच्या वाट्याला जेमतेम बेचाळीस रुग्ण येतात. आपल्याकडचा एक निवासी डॉक्टर एकटा याहून दुपटीने रुग्ण गोळा करतो, तरी त्याच्या आकड्यांवरून काही ठामपणे सांगता येत नाही, कारण बाकीच्यांनी वेगळेच प्रश्न घेतलेले असतात. त्याच जाळ्याने ब्रिटन आणि आयर्लंडमधील 112 विभागांतील चार हजारांहून अधिक डॉक्टरांना त्यांच्या थकव्याविषयी विचारले, आणि विषय स्वतःच्या ड्युट्यांचा असल्यामुळे मुले त्यात हौसेने उतरली. विदर्भातील चार-पाच विभागांनी सर्पदंशाचा एकच फॉर्म ठरवला, प्रत्येक ठिकाणच्या नैतिकता समितीची मंजुरी घेतली, आणि प्रत्येक विद्यार्थ्याने त्या एकत्रित नोंदींतील आपला वेगळा प्रश्न प्रबंधासाठी घेतला, तर विद्यापीठाच्या किंवा राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या अटी पाळूनही हे करता येईल. फक्त श्रेय कोणाला आणि लेखकांची नावे कोणत्या क्रमाने, हे पहिल्या बैठकीतच लिहून ठेवा. चांगली कामे मोडतात ती बहुधा याच ठिकाणी.

प्रश्न: प्रबंधावरून लेख लिहिला आहे. एका नियतकालिकाचा ई-मेल आला की तीन दिवसांत छापू, शुल्क इतके. मार्गदर्शक म्हणतात, छापून टाक. हे योग्य आहे का? (एक निवासी डॉक्टर, पुणे)

नाही. तीन दिवसांत कोणताही जाणकार लेख वाचून, त्यावर शंका काढून, त्यांची उत्तरे तपासून छापू शकत नाही. त्या नियतकालिकाची नोंद पबमेड (वैद्यकीय लेखांची सूची) किंवा डीओएजे (मोफत वाचता येणाऱ्या नियतकालिकांची सूची) यांत आहे का, ते त्या सूचीत स्वतः जाऊन पाहा, नियतकालिकाच्या पानावर लिहिलेल्या दाव्यावर विसंबू नका. संपादक मंडळावरील दोघांना पत्र पाठवून ते खरोखर मंडळावर आहेत का विचारा. प्रसिद्धीची घाई असेल तर 'इमकॉन' या आपल्या वार्षिक परिषदेत किंवा राज्यस्तरीय परिषदेत आधी पोस्टर मांडा. तिथे उभे राहून चार अनोळखी डॉक्टरांच्या प्रश्नांना उत्तरे दिलीत की लेखात काय कमी आहे ते आपोआप कळेल. ज्या परिचारिकांनी आणि इंटर्ननी नोंदी ठेवल्या त्यांचे आभार नावानिशी माना, आणि ज्याने काहीच काम केलेले नाही त्याचे नाव लेखक म्हणून घालू नका, मग त्याचे पद कितीही मोठे असो.

प्रश्न: मी बँकेतून निवृत्त झालो आहे. माझ्या मुलाचा जीव एका कॅज्युअल्टीतील तरुण डॉक्टरांनी वाचवला. त्यांच्या संशोधनासाठी एक लाख रुपये द्यावेत अशी इच्छा आहे. कोणाला आणि कसे द्यावे? (एक वाचक, नाशिक)

काका, रक्कम विद्यार्थ्याच्या हाती देऊ नका, ती संस्थेच्या अधिष्ठातांच्या नावे, लेखी हेतू नमूद करून आणि पावती घेऊन द्या. हेतू जितका नेमका तितका चांगला. विभागासाठी एकाच वेळेवर चालणारी घड्याळे, संमतीपत्रे मराठीत छापणे, दूर राहणाऱ्या रुग्णांना महिन्याने फोन करून विचारपूस करण्यासाठी एक मोबाइल, परिषदेला जाण्याचे रेल्वेचे भाडे, अशा लहान खर्चांना कोणतेही अनुदान सहसा मिळत नाही, आणि त्यांवाचूनच कामे अडतात. निष्कर्ष काय यावेत याच्याशी मात्र देणगीदाराचा काही संबंध नसावा, आणि तसे पत्रातच लिहावे.

पैशांखेरीज आपण आणखी एक गोष्ट देऊ शकता, आणि ती मला अधिक मोलाची वाटते. प्रत्येक संस्थेच्या नैतिकता समितीत वैद्यकीय पार्श्वभूमी नसलेली एक सामान्य व्यक्ती असावी लागते, आणि निदान निम्मे सदस्य संस्थेबाहेरचे असावे लागतात. अशी वेळ देणारी, निर्भीडपणे प्रश्न विचारणारी माणसे संस्थांना सहज मिळत नाहीत. आपल्या शहरातील वैद्यकीय महाविद्यालयाच्या अधिष्ठातांना या कामासाठी तयार असल्याचे पत्र लिहा. आपली निवड झाली, तर बैठकीआधी प्रत्येक प्रबंधाचे मराठी माहितीपत्रक घरात कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. जिथे आपण अडखळाल किंवा ऐकणारा "म्हणजे काय?" असे विचारेल, तिथे पेन्सिलीने खूण करा आणि ते पान तसेच बैठकीला घेऊन जा.